अकरा वेळा पाणी

मार्च संपत आला होता आणि आमच्या हिरव्या टाकीच्या तळाला बेडूकसुद्धा उरला नव्हता, तेव्हा शिक्षण खात्याच्या ऑफिसची बाई पहिल्यांदा आली. मुलं नुकतीच घरी गेली होती. आई गोल खोलीची जमीन सारवत होती. गुडघ्यांवर बसलेली, उजवा हात कोपरापर्यंत शेणात.

"बालवाडीच्या प्रमुख कुठे आहेत?" बाईने मला विचारलं.

"ह्या काय," मी म्हटलं.

बाईने आईकडे पाहिलं, मग दारावरच्या पाटीकडे. पाटी मीच रंगवली आहे, निळ्या अक्षरांत, शेजारी एक कोंबडी. कोंबडी जरा बदकासारखी झाली आहे, पण ती गोष्ट निराळी.

आई उठली. हात धुवायला काही नव्हतं, म्हणून तिने ते वाळक्या गवताने पुसले आणि पाठीमागे धरले. बाई वयाने लहान, तरी आईला 'सिसी' म्हणाली, आमच्याकडे पोरीसोरींना म्हणतात तसं.

"शाळा किती झाली, सिसी?"

"सातवी."

"आता प्रमुखाला पात्रता लागते. बारावी, नाहीतर बालसंगोपनाचं प्रमाणपत्र. त्या वर्गाला बसायचं तर आधी प्रौढांची परीक्षा पास पाहिजे. लिहिणं, गणित आणि मुलांसमोर मोठ्याने वाचन. ऑक्टोबर संपायच्या आत."

"नाही झाली तर?"

"तर बारावी झालेलं कुणीतरी प्रमुख नेमावं लागेल. तुम्ही मदतनीस म्हणून राहू शकता. स्वयंपाक, साफसफाई."

आई म्हणाली, "चौदा वर्षं झाली मला इथे."

"हो ना," बाई खरंच वाईट वाटल्यासारखी म्हणाली, "पण ते मी कुठल्या रकान्यात लिहू?"

सही घेताना तिने कागद दोन बोटांनी धरला. शेणाचा एक ठसा उमटलाच.

बारावी झालेलं कुणीतरी म्हणजे कोण, हे गावात शोधावं लागत नव्हतं. शेजारची याम्केला. दोन वर्षांपूर्वी बारावी झाली आणि तेव्हापासून घरी बसून नखं रंगवते. गावच्या कमिटीने तिचं नाव वहीत लिहूनही ठेवलं. संध्याकाळी ती आमच्याकडे आली आणि चुलीपाशी बसून रडायला लागली.

"माभेले, मी नाही मागितलं हो," ती आईला म्हणाली. लग्न झालेल्या बाईला आमच्यात माहेरच्या कुळाच्या नावाने हाक मारतात, म्हणून आई सगळ्या गावाची माभेले. "मला तर शेंबूड पाहिला तरी उलटी येते."

"तेवीस पोरांचा शेंबूड आहे," आई म्हणाली. "सवय कर."

"पास व्हा ना तुम्ही, माभेले. माझ्यासाठी तरी."

मी म्हटलं, "होणारच. मी शिकवणार आहे."

मी तेव्हा अशीच बोलायचे. फेब्रुवारीत बटरवर्थला, आमच्या जवळच्या शहरात, वादविवादात पहिली आले होते. तेव्हापासून मला वाटायला लागलं होतं की, बोलून सुटत नाही असं जगात काही नसतं. मी पाद्रीबाबांची चूक काढली होती. दुकानदाराच्या पाटीतली काढली होती. दहावीत पोरांशी नजर न भिडवणारी मी अकरावीत वर्गात मागच्या बाकावर पाय पसरून बसत होते.

आईला शिकवायला मला सहज जमेल, असं वाटलं होतं. पण आईजवळ वेळच नव्हता.

पाच वाजता ती उठायची. टाकी कोरडी, नळ तर निवडणुकीपुरता आलेला. मग खालच्या झऱ्यावर रांग. झरा म्हणजे खडकातून पाझरणारी बोटभर धार. वीस लिटरची बादली भरायला पाऊण तास लागायचा. तिची एक बादली डोक्यावर, माझी ढकलगाडीत. चढावर ढकलगाडीचं चाक कुरकुरायचं आणि आईची मान थरथरायची. वर आल्यावर बादली उतरवून ती डोक्याखालची चुंबळ झटकायची आणि म्हणायची, "झिझी, झाकून ठेव. निवळ उडून जातं उन्हाने."

निवळ म्हणजे पाणी. आईच्या तोंडी ते कायम निवळच. माझ्या आजोबांचं, म्हणजे तिच्या सासऱ्यांचं नाव मान्झोल्वांडले, म्हणजे आमच्या भाषेत समुद्राचं पाणी. सुनेने सासऱ्याच्या नावातलं काही जिभेवर आणायचं नाही. म्हणून पाणी झालं निवळ आणि समुद्र झाला 'ते मोठं खारं'. गुरांचं कुंपण घरच्या पुरुषांचं, म्हणून ती त्याच्यासमोरूनही जात नाही, घरामागून वळसा घालते. आजोबा समोर असले की डोक्याचं फडकं कपाळावर ओढते. मी जन्मापासून ऐकते आहे. आई निवळ म्हणते आणि माझ्या कानात पाणी पडतं, इतकं ते मुरलेलं.

सात वाजता मुलं यायची. त्यांची मक्याची लापशी, त्यांची शी, त्यांची भांडणं, त्यांची गाणी. बुखो नावाचा तीन वर्षांचा पोरगा कोणाला तरी चावल्याशिवाय एक दिवस गेला नाही. दोन वाजता मुलं गेली की भांडी. तीन वाजता आई माझ्याच शाळेत, प्रौढांच्या वर्गाला. चालत अर्धा तास. वर्ग पहिलीच्या खोलीत भरायचा, म्हणून बाकही पहिलीचे. सत्तेचाळीस वर्षांची माझी आई गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसायची आणि तास संपल्यावर बाकाला धरून उभी राहायची. शाळेच्या व्हरांड्यातून माझ्या वर्गातल्या पोरी बघायच्या.

"तुझी आई आता कितवीत?" त्यातली एक म्हणाली.

"तुझ्यापुढे जाईल लवकरच," मी म्हटलं. पण त्या दिवशी घरी जाताना मी आईच्या दहा पावलं पुढे चालले. आईने चप्पल काढून हातात घेतली, कारण अंगठा तुटला होता.

जेवण झाल्यावर मी वही काढायचे. अपूर्णांक आईला आले, कारण एक पाव तेवीस जणांत कसा वाटायचा हे ती चौदा वर्षं करत होती. लिहिणं अवघड. पेन ती लाटणं धरावं तसं मुठीत धरायची. बोटांच्या पेरांना भेगा, भेगांत शेण आणि राख. ओळ निम्मी झाली की पेन खाली सरकायचं. मी मान वर करून बघायचे तर आई बसल्या बसल्या झोपलेली.

"आई."

"मी ऐकतेय."

"मी काही बोललेच नाही."

"तेच ऐकतेय," ती म्हणायची आणि पेन पुन्हा मुठीत घ्यायची.

पण वाचन तिला यायचं. चांगलं यायचं. शाळेतून मी गोष्टींची पुस्तकं आणायचे आणि ती बोट ठेवून, सावकाश, प्रत्येक जनावराचा वेगळा आवाज काढून वाचायची. मी कुशीवर पडून ऐकायचे. वाचनाची काळजी नको, असं मी वहीत लिहूनही ठेवलं होतं. शेजारी बरोबरची खूण.

ऑगस्टमध्ये लेखी झाली. गणितात अठ्ठावन्न, लिहिण्यात एकावन्न. वडील केपकडे सफरचंदाच्या बागेत कामाला असतात, डिसेंबरातच येतात. त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग आता मला पत्र लिहायला सांग." आई म्हणाली, "आधी त्यांना वाचायला येऊ दे."

सप्टेंबरात त्याच बाई परीक्षा घ्यायला आल्या. त्यांचं नाव मिस जोद्वाना. या वेळी जमीन सारवून वाळलेली होती, मुलं चटईवर बसलेली, याम्केला कोपऱ्यात हात बांधून उभी. मी शाळा बुडवली होती. दार उघडं होतं. दारासमोर, कुंपणाच्या कडेला, आजोबा रोजच्यासारखे त्यांच्या खुर्चीवर बसले होते. एक्याऐंशी वर्षांचे आहेत. सकाळी ऊन तिथे येतं, म्हणून तिथेच बसतात.

मिस जोद्वानांनी पिशवीतून पुस्तक काढलं. त्यात एक मुलगी बादली घेऊन निघते आणि वाटेत भेटेल त्याला विचारते, पाणी कुठे गेलं? बगळ्याला विचारते, गाईला विचारते, ढगाला विचारते.

आई वाचायला लागली. बगळ्याचा आवाज तर असा काढला की बुखो चावायचं विसरला. शेवटी ढग रडतो आणि बादली भरते. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मिस जोद्वाना फॉर्मकडे बघत होत्या. त्यांनी चष्मा काढला.

"सिसी, हा शब्द काय आहे?" त्यांनी पुस्तकातल्या एका शब्दाखाली बोट ठेवलं.

आईने पाहिलं. मग दाराबाहेर पाहिलं. "निवळ," ती म्हणाली.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. पूर्ण गोष्टीत आईने पाणी हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता. आणि मी, जी पाद्रीबाबांच्या चुका काढते, ती टाळ्या वाजवत होते.

"त्यांना येतो तो शब्द," मी पुढे होऊन म्हटलं. "आजोबांचं नाव आहे त्यात, म्हणून. सगळ्या गावाला माहीत आहे."

"मलाही माहीत आहे गं," मिस जोद्वाना म्हणाल्या. त्या दमलेल्या दिसत होत्या. बुटांवर धूळ होती, वाटेत गाडी दोनदा फसली होती. "माझी आजी मिठाला मीठ म्हणत नाही. पण इथे असं आहे बघ. छापलेला शब्द वाचला, हो की नाही. अकरा वेळा तो शब्द आहे, अकरा वेळा नाही. का नाही, याला रकाना नाही. माझ्या सहीच्या वर आणखी एक सही होते."

"मग?"

"फेरपरीक्षा एकदाच मिळते. बावीस ऑक्टोबर. पुस्तक हेच." त्या आईकडे वळल्या. "एवढा एकच शब्द आहे, सिसी."

आई म्हणाली, "हो."

त्या गेल्यावर आईने मुलांना लापशी वाढली. मी तिच्यामागे भांडं घेऊन फिरत होते आणि बोलत होते. अकराच वेळा म्हणायचं आहे. कुणाला कळणार आहे. चर्चमध्ये बाप्तिस्म्याला काय म्हणतेस मग. हे जुनं झालं. शहरातल्या सुना सासऱ्यांना नावाने हाका मारतात.

"मारू देत," आई म्हणाली.

"अगं, पण बालवाडी जाईल."

"बुखो, तोंड पूस."

"आई."

तिने पळी भांड्यात ठेवली. तिचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नाही, तेवीस मुलांत चढवून उपयोग नसतो.

"तू पोटात होतीस तेव्हा तुझे वडील गेले, ते चार वर्षं परतले नाहीत," ती म्हणाली. "पत्र नाही, काही नाही. गावातले म्हणाले, तिला माहेरी धाडा. बावोंनी, तुझ्या आजोबांनी, बैल जुंपले आणि माझं वावर नांगरून दिलं. दर साल. बालवाडी काढते म्हटलं तर गावचे म्हातारे म्हणाले, सुनेला कशाला घर उघडून द्यायचं. ही खोली बावोंची. ते उठून गोठ्याच्या बाजूच्या खोलीत झोपायला गेले. मला विचारलंसुद्धा नाही." तिने पुन्हा पळी उचलली. "माझ्याकडे त्यांना द्यायला दुसरं काय आहे, झिझी? एवढंच आहे. तेही काढून घेऊ?"

वादविवादात समोरच्याचं पटलं तर काय करायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

पण मी तरीही मीच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरळ आजोबांच्या खुर्चीपाशी गेले. ते चाकूने काठीचं टोक तासत होते. टोक झिजून वाकडं झालं होतं.

"आजोबा, तुम्ही आईला मोकळं करा ना," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. पुस्तक, बगळा, अकरा.

ते ऐकत होते. ढलप्या पडत होत्या.

"मी तिला कधी बांधलं?" ते म्हणाले.

"मग सांगा तिला तसं. म्हण म्हणावं."

"ते माझं एकट्याचं नाव नाही, पोरी. माझ्या आजोबांचं ते. माझ्या हातात असतं तर केव्हाच दिलं असतं. आणि मी म्हण म्हटलं तर ती माझ्यासाठी म्हणेल. तो आणखी एक भार." त्यांनी काठी उन्हात धरून पाहिली. "ती तशी सून नाही, की सांगितलं आणि सोडलं."

"मग काय करायचं?"

"तुला सगळ्याचं काहीतरी करायचं असतं," आजोबा म्हणाले. "जा, शाळेला उशीर होईल."

मी वळले. चार पावलं गेल्यावर त्यांनी हाक मारली.

"ती बाई किती वाजता यायची?"

"नऊ वाजता. बावीस तारखेला."

"हं," ते म्हणाले आणि पुन्हा तासायला लागले.

तीन आठवडे पाऊस आला नाही. झऱ्याची धार सुतासारखी झाली. आई रोज पुस्तकातली ती गोष्ट मनात वाचायची. ओठ हलायचे आणि त्या शब्दापाशी थांबायचे, खड्डा ओलांडल्यासारखे पुढे जायचे. मी तिला मोठ्याने वाच म्हटलं नाही. पहिल्यांदाच मला काही बोलावंसं वाटत नव्हतं. याम्केला मात्र रोज येत होती. ती हातभर लांबून टॉवेल धरून मुलांची नाकं पुसायला शिकली. मान दुसरीकडे वळवून.

"करते मी सवय," ती मला म्हणाली. "तुझी आई म्हणाली ना."

बावीस तारखेला सकाळपासूनच ऊन तापलं होतं. मी झऱ्यावरून ढकलगाडी घेऊन आले तर खुर्ची रिकामी. मला वाटलं, आजोबा आत असतील. त्यांच्या खोलीचं दार उघडं होतं. टोपी खुंटीवर नव्हती. काठी नव्हती.

"आजोबा कुठे?" मी आईला विचारलं.

आई मुलांना चटईवर बसवत होती. ती दाराशी आली. कुंपणापलीकडून उतारावर एक पायवाट आहे, ती कोरड्या नदीकडे जाते. तिकडे आता गुरंही जात नाहीत. त्या वाटेवर खूप खाली एक वाकलेली आकृती चालली होती. दर चार पावलांनी थांबत होती. काठी टेकत होती, पुन्हा चालत होती. त्यांच्या गुडघ्याला ती वाट झेपणारी नव्हती. दोन वर्षांत ते फाटकाबाहेर गेले नव्हते.

मी निघाले तर आईने माझं मनगट धरलं.

"जाऊ दे," ती म्हणाली.

आम्ही दोघी बघत राहिलो. आकृती खडकांना वळसा घालून पलीकडे गेली. आता इथला आवाज तिथे पोचणार नव्हता. आईने फडकं कपाळावर ओढायला हात वर नेला, मग तसाच खाली घेतला.

मिस जोद्वाना साडेनऊला आल्या. पुस्तक दिलं. फॉर्म मांडीवर ठेवला.

आईने वाचायला सुरुवात केली. मुलगी बादली घेऊन निघाली. पहिल्यांदा तो शब्द आला. आई थांबली. तिचं बोट त्याच्याखाली होतं, बोटाची भेग मला दिसत होती. खोलीत माशी फिरल्याचा आवाज येत होता. याम्केलाने डोळे मिटले होते.

"पाणी," आई म्हणाली.

मुलांनी एकदम वर पाहिलं. आई कुणा दुसऱ्या बाईचे कपडे घालून आल्यासारखी ती तिच्याकडे बघायला लागली. मीही. सोळा वर्षांत मी तिच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता. तो तिच्या बाकीच्या आवाजासारखा दमलेला नव्हता. कधी वापरलाच नव्हता ना. एखाद्या मुलीने म्हणावा तसा आला, अठरा-एकोणीस वर्षांच्या, लग्नाआधीच्या.

"पाणी कुठे गेलं, तिने बगळ्याला विचारलं," आई वाचत राहिली. या वेळी बगळ्याचा आवाज साधाच होता. गाईचाही. ती घाईने वाचत होती, जड वस्तू उचललेली असताना चालतात तसं. मी बोटांवर मोजत होते. सात. आठ. दर वेळी ती दाराबाहेर बघायची, रिकाम्या खुर्चीकडे, आणि मग म्हणायची. दहा. ढग रडला. अकरा.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बुखो उठला आणि आईच्या मांडीत जाऊन बसला, जणू तिला लागलं होतं.

मिस जोद्वानांनी अकरा खुणा केल्या, सही केली. मग पिशवीतून दुसरा फॉर्म काढला, जाडजूड.

"हा आता प्रमाणपत्राच्या वर्गाचा, सिसी. दीड वर्ष. दर शनिवारी बटरवर्थला. आणि दर तीन महिन्यांनी मी येईन, तुमचं वाचन बघायला."

"मोठ्याने?"

"मोठ्याने. मुलांसमोर."

"तोवर प्रमुख कोण?" मी विचारलं.

"तुझी आईच. शिकत असेल तोवर तिला काढत नाहीत." त्या उठल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "बरं वाचलंत, माभेले." या वेळी सिसी म्हणाल्या नाहीत.

याम्केला तेवढ्यात बाहेर जाऊन कुंपणाला टेकून रडत होती. आनंदाने, असं तिचं म्हणणं.

आजोबा बारा वाजता परत आले. मी उतारावर अर्ध्या वाटेत त्यांना गाठलं, पण त्यांनी हात धरू दिला नाही. चेहरा धुळीने राखाडी झाला होता, ओठ फुटले होते. कुठे बसला होतात, विचारलं तर म्हणाले, "खडकापाशी." खाली सावलीचं झाडसुद्धा नाही.

ते खुर्चीत बसले. एक पाय लांब केला, मग दुसरा, हाताने उचलून.

आई घरामागून वळसा घालून आली. फडकं कपाळापर्यंत ओढलेलं. ती गुडघ्यांवर बसली, पांढरा मग दोन्ही हातांनी पुढे केला, नजर जमिनीकडे.

"घ्या बावो," ती म्हणाली. "निवळ."

आजोबा प्याले. सगळं प्याले, सावकाश, मध्ये दोनदा थांबून. मग परत दिला.

"झालं सगळं?" त्यांनी विचारलं.

"आजचं झालं," आई म्हणाली. "अजून दीड वर्ष आहे. दर तीन महिन्यांनी."

आजोबांनी बोटांवर मोजलं. मग काठी उचलली, उन्हात धरून तिचं टोक पाहिलं. खडकावर टेकून टेकून ते पुन्हा वाकडं झालं होतं.

"झिझी," ते मला म्हणाले, "आत कुऱ्हाड आहे ती आण. ही सहा वेळा पुरायची नाही. नवी करायला हवी."